पायऱ्यांपाशी तीन ओढी

४ मार्च

मामा,

नमस्कार. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही, आणि मी आवाज चढवला की ऑफिसातले सगळे हातचं काम टाकून आपलं बोलणं ऐकत बसतात. म्हणून पत्र. उत्तरही पत्रानेच द्या, आणि अक्षर जरा माणसासारखं काढा. तुमच्या नोंदवहीतला एक कुठला आणि नऊ कुठला हे ओळखण्यात माझे नोकरीचे पहिले चार महिने गेले.

तुमची खुर्ची मी सांभाळतेय, म्हणजे अक्षरशः. तिचा एक पाय अजून डगमगतो आणि त्याखालची तुमची पुठ्ठ्याची घडी मी तशीच ठेवली आहे. जाळ्यांची खोली झाडून घेतली. तीन छत्र्या सापडल्या, तिन्ही मोडक्या. टाकून देऊ का? गळवाले रोज येतात. परवाने बघायला गेलं की त्यांचा पहिला प्रश्न "मामा कसे आहेत?" आणि दुसरा "तुम्हाला जमतंय ना?" असा असतो. दुसऱ्याचं उत्तर मी अजून देत नाही.

आता कामाचं. या महिन्यात तळ्यातले मासे मोजायचे आहेत. रीत मला समजली आहे: दोनशे मासे धरायचे, पोटाखालचा एक पर टोकाशी थोडा कापायचा, सोडून द्यायचे. तीन आठवड्यांनी पुन्हा जाळं टाकायचं. दहा माशांत एक कापलेला आला, तर तळ्यात दोन हजार. गेल्या वर्षी तुम्ही उजवा पर कापलात, तर यंदा डावा. इथवर ठीक. पण वहीत लिहिलंय की जाळं तळ्याच्या चारही कोपऱ्यांत टाकायचं, आणि होडीच्या तळाला हाताचा पंजा जाईल एवढी चीर आहे. दुरुस्तीचा अर्ज केला, तो कुठल्या टेबलावर झोपलाय कोण जाणे. तर होडीशिवाय, नुसतं पायऱ्यांपाशी उभं राहून जाळं ओढलं तर चालेल का?

आणि एक गंमत. काल शिंपीदादांच्या गळाला तुमचा गेल्या वर्षीचा कापलेला मासा लागला, पार पलीकडच्या बांधावर. त्यांनी तो बादलीत घातला, अख्ख्या तळ्याला वळसा घालून पायऱ्यांपर्यंत आणला आणि तिथे सोडला. वर पिठाची एक गोळी टाकली, पाहुण्याला द्यावी तशी. मी विचारलं, तर म्हणाले, "कापलेला मासा मामांचा." सगळेच असं करतात म्हणे. हे काय प्रकरण आहे?

तुमची,
भिंगरी

*

९ मार्च

चि. भिंगरी,

छत्र्या टाकू नकोस. तीन मोडक्या छत्र्यांची एक चांगली होते.

होडीचं डोक्यातून काढून टाक. पायऱ्यांपाशी तीन ओढी काढ, पुरे झालं. शेवटची काही वर्षं मी तेच केलं आणि माझा आकडा कधी चुकला नाही. वहीत चार कोपरे लिहिलेत ते जुन्या छापील नमुन्याप्रमाणे. सरकारी नमुना आणि सासूबाईंची आठवण, दोन्हींना मान द्यायचा आणि आपलं काम करायचं.

पर कापताना मासा ओल्या फडक्यात धर. कात्री माझ्या खणात आहे, लाल दोरा बांधलेली. दुसरी वापरू नकोस, ती मी नखांना वापरायचो.

शिंप्याचं मनावर घेऊ नकोस. त्या सगळ्यांचा जीव आहे माझ्यावर, दुसरं काय. मी कधी सांगितलं नव्हतं, त्यांचं त्यांनीच सुरू केलं. करू दे.

मी मजेत आहे. मुलाचं घर पाचव्या मजल्यावर. खिडकीतून समोरच्या इमारतीची खिडकी दिसते आणि त्या खिडकीतून ते मला बघतात. सूनबाईने मला करमावं म्हणून काचेचं भांडं आणलं, त्यात दोन मासे. म्हणाली, "बाबा, मोजत बसा." मोजले. दोन आहेत.

आशीर्वाद,
मामा

*

१८ एप्रिल

मामा,

काहीतरी भयंकर झालंय.

मार्चमध्ये तुम्ही सांगितलंत तसंच केलं. पायऱ्यांपाशी तीन ओढी, दोनशे मासे, डावा पर, लाल दोऱ्याची कात्री. परवा पुन्हा जाळं टाकलं. नव्वद मासे आले. त्यातले चोपन्न कापलेले.

मी तीनदा मोजले. शेवटी शिंपीदादांना मोजायला बसवलं, त्यांचेही चोपन्नच. हिशोब तुम्हाला सांगायला नको: तळ्यात फक्त तीनशे तेहतीस मासे आहेत. तुमच्या वहीत गेल्या वर्षी दोन हजार सहाशे लिहिलेत.

मामा, बावीसशेच्या वर मासे माझ्या हाताखाली पाच महिन्यांत गेले कुठे? मेले असते तर तरंगले असते. एकही दिसला नाही. चोरून जाळी टाकत असतील तर माझ्या नाकाखालून टाकतायत. पाण्यात काही मिसळलं म्हणावं तर आहेत ते मासे तुकतुकीत आहेत. मला घास जात नाही. आई विचारते काय झालं, मी म्हणते उन्हाने होतंय. तिला काही बोलू नका.

आकडा ऑफिसला कळवायची मुदत पंचवीसपर्यंत आहे. कळवू का थांबू? लगेच लिहा.

भिंगरी

*

२४ एप्रिल

चि. भिंगरी,

घाबरू नकोस. घाबरलेल्या माणसाला एकाचे दोन दिसतात, तुला अडीच हजारांचे तीनशे दिसले असतील.

बगळे वाढलेत का पाहा. पाणी कोमट झालं की मासे खोल जातात, हेही असतं. जाळ्याची वीण एखाद्या ठिकाणी उसवली असेल, छोटे निसटत असतील. पुन्हा एकदा हात फिरवून बघ. आकडा इतक्यात वर पाठवू नकोस. मे संपू दे. तळं कुठे पळून जात नाही.

इथे ठीक आहे. दोनातला एक मासा जरा सुस्त वाटतो.

मामा

*

३ मे

मामा,

तुमचं पत्र सव्वीसला आलं. आकडा मी पंचवीसलाच पाठवून मोकळी झाले होते. जाळ्याची वीण धड आहे. बगळे नेहमीचे पाच.

पत्रात तुम्ही हवापाण्याच्या गप्पा मारल्यात. मला वाटलं होतं तुम्ही काहीतरी सांगाल. असो.

ऑफिसच्या मोठ्या बाई स्वतः तळ्यावर आल्या. चांगल्या आहेत हो, ओरडल्या नाहीत. पायऱ्यांवर बसून सगळे कागद वाचले. म्हणाल्या की तीनशेच मासे उरले असतील तर तळं आजारी आहे. तीन वर्षं गळ बंद, सगळे परवाने रद्द, पाणी उपसायचं, आहेत ते मासे काढून टाकायचे, गाळ काढायचा आणि नव्याने माशांचं बी सोडायचं. पंचवीस मेला बैठक आहे, तिथे सही होईल. गळवाल्यांना मी सांगितलं. कोणी भांडलं नाही, तेच जास्त लागलं. शिंपीदादा एवढंच म्हणाले की तीन वर्षांनी त्यांचे गुडघे बांध चढतील की नाही, शंका आहे.

बाईंनी विचारलं, गेल्या वर्षीचा आकडा चुकीचा असू शकतो का? मी लेखी दिलंय की नाही. माझ्या मामांनी एकतीस वर्षं हे तळं राखलं आणि त्यांच्या आकड्यावर डोळे मिटून विश्वास ठेवावा. जे काही झालं ते माझ्या काळात झालं. माझी नोकरी अजून कायम झालेली नाही, तेव्हा मी स्वतःच बाजूला होणं बरं. राजीनामा लिहून खणात ठेवलाय, बैठकीत देईन.

तुम्ही वाईट वाटून घेऊ नका. तुम्ही शिकवलंत ते चोख होतं, मीच कमी पडले.

भिंगरी

*

७ मे

भिंगरी,

तो राजीनामा फाडून टाक. आधी फाड, मग पुढचं वाच.

माझा आकडा खोटा आहे. गेल्या वर्षीचा, त्याच्या आदल्या वर्षीचा, एकूण सहा वर्षांचे.

सहा वर्षांपूर्वी मार्चमध्येच मी होडीतून पाण्यात पडलो. उत्तरेच्या कोपऱ्यात जाळं टाकताना घेरी आली. तुला माहीत आहे मी पट्टीचा पोहणारा, पण त्या दिवशी वर कुठे आणि खाली कुठे तेच कळेना. पायात जाळं अडकलं होतं. कसा बाहेर आलो, माहीत नाही. जाळ्यांच्या खोलीत कडी लावून कपडे वाळेपर्यंत बसून राहिलो. तुझी मामी तेव्हा होती, तिलाही सांगितलं नाही. सेवा संपायला सहा वर्षं बाकी होती. तळ्याचा राखणदार पाण्याला भितो, हे कोणाला सांगायचं? डॉक्टर घेरीच्या गोळ्या देईल, पण ऑफिस मला टेबलावर बसवेल, आणि टेबलावर मी सहा महिन्यांत मेलो असतो.

त्यानंतर मी होडीत पाऊल ठेवलं नाही. पायऱ्यांपाशीच जाळं ओढायचो. पहिल्याच वर्षी आकडा आला चारशे दहा. तुझ्यासारखाच हबकलो. पण मी तळ्याकडे बघत पंचवीस वर्षं काढली होती. संध्याकाळी पाण्यावर किती ठिकाणी वर्तुळं उठतात, गळवाले किती वेळात पहिला मासा काढतात, हे बघून मला कळत होतं की अडीच हजारांच्या खाली तळं नाही. जाळं खोटं बोलत होतं. का, ते कळलं नाही आणि मी शोधलंही नाही. शोधायचं तर होडीत बसावं लागलं असतं. मग डोळ्यांना वाटला तो आकडा वहीत लिहिला, आणि पुढे दरवर्षी लिहीत गेलो.

तू विचारलंस, पायऱ्यांपाशी चालेल का. तेव्हाच सांगायला हवं होतं. "माझा आकडा कधी चुकला नाही," असं लिहिलं मी तुला. चुकेल कसा, तो मोजलेलाच नव्हता. एप्रिलमध्ये तुझं पत्र आलं तेव्हाही बगळ्यांवर ढकललं. तू माझ्यासाठी लेखी दिलंस हे वाचलं आणि मला माझ्याच खोलीत बसवेना.

हेच सगळं मी तुझ्या मोठ्या बाईंना वेगळ्या पाकिटात लिहून आज टपालात टाकलं आहे. त्यांना जे करायचं ते करू देत. तू एक कर. कुठूनही होडी आण आणि चारही कोपऱ्यांत जाळं टाक. मासे आहेत. माझ्या बोलण्यावर विश्वास ठेव म्हणायचा हक्क मला उरला नाही, म्हणून स्वतः मोज.

चष्मा पुसून पुसून लिहितोय, अक्षराला माफ कर.

मामा

*

११ मे

मामा,

पत्र मिळालं. राजीनामा फाडला.

मला फार राग आलाय. आज जास्त लिहीत नाही, नको ते लिहून बसेन. पलीकडच्या गावातल्या कोळ्याकडे होडी आहे, उद्या विचारायला जाते.

भिंगरी

*

१९ मे

मामा,

आहेत! सगळे आहेत.

आता नीट सांगते. होडी मिळाली. मोठ्या बाई स्वतः आल्या, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून होडीत बसल्या आणि वही त्यांनी धरली. तुमचं पत्र त्यांच्या पर्समध्ये होतं, मला दिसलं. पायऱ्यांपाशी चौतीस मासे आले, त्यातले एकवीस कापलेले. मग उत्तरेच्या कोपऱ्यात गेलो. जाळं इतकं जड लागलं की मला वाटलं ओंडका अडकला. मासे होते मामा, नुसते मासे, आणि त्यात कापलेला एकच. बाकीच्या दोन कोपऱ्यांतही तसंच. बाहेरच्या तीन कोपऱ्यांत मिळून दोनशे शहात्तर मासे, कापलेले पाच. बाईंनी होडीतच हिशोब मांडला. दोन हजार तीनशे पंच्याऐंशी. मी जाळ्यावरच बसले आणि रडले, कपडे मासळीच्या वासाचे झाले, आईने मला दारातच अडवलं. रात्री दोन वेळचं जेवले.

म्हणजे गेल्या वर्षी तुम्ही दोनशे पंधरा मासे हवेतून आणलेत. एवढे मी तुम्हाला माफ केले. बाकीच्या गोष्टींचं अजून ठरलेलं नाही. तुम्ही पडलात ते सांगितलं नाहीत याचा राग जास्त आहे.

बैठक रद्द. तळं उपसायचं नाही, परवाने चालू. बाईंना मी विचारलं, मामांचं काय? म्हणाल्या, जुन्या सहा आकड्यांवर रेघ मारून शेजारी "अंदाजे" लिहायचं आणि खाली माझी सही. मग म्हणाल्या, "एवढा अचूक अंदाज माझ्या ऑफिसात कोणाचा नाही. त्यांना म्हणावं, घेरीच्या गोळ्या घ्या." एवढंच.

आता खरं सांगायचं ते. पायऱ्यांपाशीच कापलेले मासे का साठतात, हे होडीतून उतरल्या उतरल्या डोक्यात आलं. साधी गोष्ट आहे: ज्याला सापडेल तो कापलेला मासा बादलीतून आणून तिथेच सोडतो आणि वर खायला घालतो. असल्या जागेवरून कोण हलेल? मी गळवाल्यांना गोळा केलं आणि सांगितलं की तुमच्या या लाडाने तळं उपसलं जाणार होतं. सगळे शिंपीदादांकडे बघायला लागले.

शिंपीदादांनी टोपी काढली. म्हणाले, "ताई, त्या दिवशी मी पलीकडच्या बांधावर होतो. मामा पडलेले मी पाहिले. धावत येईपर्यंत ते आपले आपण बाहेर आले आणि खोलीत जाऊन कडी लावून घेतली. मग मी दार वाजवलं नाही."

मामा, त्यांना सहा वर्षं माहीत आहे. सगळ्यांना माहीत आहे. पुढच्याच आठवड्यात तुम्ही होडी न घेता पायऱ्यांवर जाळं ओढताना दिसलात तेव्हा त्यांनी आपापसात ठरवलं. मोजणीची रीत त्यांना काय ठाऊक. त्यांना वाटलं, कापलेले मासे सापडले नाहीत तर मामांचं काम फसेल, नोकरी जाईल. मामांना होडीत जाता येत नाही ना, मग मासेच मामांकडे नेऊन पोहोचवायचे. म्हणून ती बादली आणि ती पिठाची गोळी. तुम्हाला कळू द्यायचं नाही हेही ठरलं होतं. तुम्ही गेल्यावरही थांबले नाहीत, कारण आता मामांच्या भाचीचं काम फसायला नको.

सहा वर्षं तुम्ही त्यांच्यापासून लपवत होतात आणि ते तुमच्यापासून. मध्ये माझी नोकरी जात होती.

मला आता हसू येतंय. तुम्हीही हसा.

भिंगरी

*

२४ मे

चि. भिंगरी,

हसलो नाही. पत्राची घडी सदऱ्याच्या खिशात घातली आणि वर हात ठेवून बसलो. सूनबाई येऊन विचारून गेली, छातीत दुखतंय का. म्हटलं, नाही, उलट बरं वाटतंय, सहा वर्षांत वाटलं नव्हतं एवढं. मग तिला बसवून सगळं सांगितलं. मुलालाही सांगितलं. तो रागावला, तुझ्यासारखाच, आणि दुसऱ्या दिवशी डॉक्टरकडे घेऊन गेला. कानात दोष आहे म्हणे. घेरी त्यानेच येते आणि ऐकूही त्यानेच येत नाही. गोळ्या सुरू आहेत. सहा वर्षं ज्याला मी भित्रेपणा म्हणत होतो, त्याची बाटली टेबलावर आहे, दिवसातून दोनदा, जेवणानंतर.

त्या दिवशी खोलीत कडी लावून बसलो होतो तेव्हा बाहेर पावलं वाजली होती. कोणीतरी दाराशी उभं राहिलं आणि बऱ्याच वेळाने निघून गेलं. मला तेव्हा वाटलं, बरं झालं, कोणी पाहिलं नाही.

काचेच्या भांड्यातला सुस्त मासा आता ठीक आहे. पाणी बदलायचं राहून गेलं होतं.

रविवारी सकाळच्या गाडीने येतो, मुलगा सोबत आहे. कोळ्याची होडी एक दिवस आणखी ठेवून घे. मी मधल्या फळीवर बसेन, तू वल्हव, आणि कडेला वाकायला लावू नकोस. शिंप्याला आधी काही सांगू नको. त्याला उत्तरेच्या, त्या पलीकडच्या बांधावर बसू दे, नेहमीसारखं. तिथे गेल्यावर मीच सांगतो, की यापुढे मासा जिथे धरशील तिथेच सोड, माझ्याकडे आणत जाऊ नकोस. आता मी येतो तिकडे.

मामा